दहा हजार लक्सचा दिवा: एक हिवाळा वापरून झाल्यावर

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मी पुण्याहून मुलीकडे एडिनबराला गेले, त्याच्या दुसऱ्याच दिवशी तिने स्वयंपाकघरातल्या टेबलावर एक खोके आणून ठेवले. आत शाळेच्या पाटीएवढा, दुधी प्लॅस्टिकचा, मागे तारेचा पाय असलेला एक चपटा दिवा होता आणि खोक्यावर ठळक अक्षरांत ‘१०,००० लक्स’ असे छापलेले होते. लक्स म्हणजे उजेड मोजायचे एकक. हिवाळ्यातली मरगळ आणि बिघडलेली झोप यांवर तिकडे असे दिवे सर्रास वापरले जातात. आयुष्यभर वैद्यकीय महाविद्यालयात शरीरक्रियाशास्त्र शिकवल्यामुळे या दिव्याकडे केवळ घरातली एक वस्तू म्हणून पाहणे मला शक्य नव्हते, म्हणून फेब्रुवारीच्या अखेरीपर्यंत तो नीट नोंदी ठेवून वापरला. कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही, कारण या प्रकारच्या बहुतेक दिव्यांची बांधणी सारखीच असते आणि मला जे सांगायचे आहे ते या दिव्यांच्या अख्ख्या जातीला लागू पडते.

एडिनबरात डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात सूर्य पावणेनऊच्या सुमारास उगवतो आणि दुपारी पावणेचारच्या आतच मावळतो. म्हणजे दिवस पुरता सात तासांचाही नसतो. शाळेत जाणारी मुले सूर्य उगवण्याआधी निघतात आणि मावळतीला परततात. आपल्याकडच्या माणसाला हे ऐकून माहीत असते, पण सकाळी सात वाजता खिडकीबाहेर मध्यरात्रीसारखा काळोख पाहिल्यावर शरीराला जो गोंधळ पडतो तो अनुभवल्याशिवाय कळत नाही. दिव्याने हा गोंधळ सोडवावा अशी अपेक्षा असते. ती कितपत पुरी होते हे सांगण्यासाठी दिव्याचा उजेड नेमका कोणासाठी असतो ते आधी सांगावे लागेल, कारण तो पाहण्यासाठी नसतोच.

डोळ्यांकडून येणाऱ्या दोन नसा मेंदूच्या तळाशी जिथे एकमेकींना छेद देतात, त्याच्या अगदी वर, हायपोथॅलॅमस नावाच्या मेंदूच्या भागात, चेतापेशींचे दोन इवलेसे पुंजके असतात. त्यांना सुप्राकायॅझमॅटिक न्यूक्लियस म्हणतात. आम्ही वर्गात नुसते ‘एससीएन’ म्हणायचो. उंदरात दोन्ही बाजू मिळून या पेशी साधारण २०,००० भरतात. शरीराच्या दिवसरात्रीच्या लयीचे हे मुख्य घड्याळ आहे, आणि त्याचे वेळ सांगणे विजेच्या भाषेत चालते: दिवसा यातल्या पेशी सेकंदाला साधारण सहा ते दहा विद्युत स्पंद सोडतात, रात्री त्या जवळजवळ गप्प होतात आणि सेकंदाला एखाददुसरा स्पंद आला तर येतो. १९७९ मध्ये जपानमधल्या इनोउये आणि कावामुरा यांनी जिवंत उंदराच्या मेंदूत या भागाच्या भोवतीने काप घेऊन तो बाकीच्या मेंदूपासून एखाद्या बेटासारखा तोडला, तरी बेटावरची विद्युत क्रिया दिवसा चढत आणि रात्री उतरत राहिली; बेटाबाहेरच्या मेंदूतली लय मात्र नाहीशी झाली. उंदीर रात्री जागणारा प्राणी, तरीही त्याच्या या पेशी दिवसाच फायर होतात, म्हणजे स्पंद सोडतात, ही गोष्ट विद्यार्थ्यांना दरवर्षी चकित करायची. ‘हे घड्याळ फक्त दिवस आहे की रात्र एवढेच सांगते, त्यावर काय करायचे ते बाकीचे शरीर ठरवते,’ असे मी त्यांना सांगत असे.

पेशीला ही वेळ कळते कशी, याचा एक भाग आता बराच परिचित झाला आहे. पेशीत काही जनुके अशी असतात की त्यांच्यापासून बनलेली प्रथिने साठत साठत शेवटी त्याच जनुकांना गप्प करतात, मग ती प्रथिने झिजतात आणि जनुके पुन्हा जागी होतात. या चक्राला सुमारे २४ तास लागतात. १९७१ मध्ये कोनोप्का आणि बेन्झर यांना फळमाशीत यातले पहिले जनुक सापडले आणि पुढे त्याची यंत्रणा उलगडल्याबद्दल हॉल, रॉसबॅश आणि यंग यांना २०१७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. मला स्वतःला त्यापुढचा प्रश्न अधिक मोलाचा वाटतो. पेशीच्या आत, केंद्रकापाशी चाललेले हे संथ चक्र पेशीच्या बाहेरच्या पटलावर मिलिसेकंदांत घडणाऱ्या विजेपर्यंत पोहोचते कसे? नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या रवी अल्लाडा यांच्या गटाने २०१५ मध्ये फळमाशी आणि उंदीर या दोन्हींत त्याचे जे उत्तर दाखवले ते सायकलच्या दोन पायडलांसारखे आहे. दिवसा पेशीपटलातून सोडियमची बारीक गळती वाढते, तिने पेशीचा विद्युतदाब स्पंदाच्या उंबरठ्याजवळ जातो आणि पेशी सहज फायर होते; रात्री ही गळती मंदावते आणि पोटॅशियमची गळती वाढते, तिने तोच दाब खाली ओढला जाऊन पेशी शांत बसते. एक पायडल खाली जाते तेव्हा दुसरे वर येते. कोट्यवधी वर्षांपूर्वी वेगळ्या झालेल्या दोन वंशांत ही एकच युक्ती टिकून राहिली, याचे मला आजही अप्रूप वाटते. याखेरीज स्पंद संपल्यावर पेशीला लगेच पुढच्या स्पंदासाठी तयार करणाऱ्या आणि रात्री तिला आवरून धरणाऱ्या पोटॅशियमच्या वेगवेगळ्या वाहिन्याही, म्हणजे पेशीपटलातली सूक्ष्म दारे, घड्याळाच्या हुकमाने कमीजास्त होतात.

मग वीज ही घड्याळाचा नुसता काटा आहे की आतल्या चाकाचाही भाग आहे? १९८७ मध्ये श्वार्ट्झ आणि सहकाऱ्यांनी उंदरांच्या एससीएनमध्ये दोन आठवडे टेट्रोडोटॉक्सिन, म्हणजे पफर माशातले विष, थेंबाथेंबाने सोडून तिथले स्पंद बंद पाडले. उंदरांच्या वागण्यातली दिवसरात्रीची लय हरपली. पण विष थांबवल्यावर ती परतली ती अशा वेळेवर, की जणू आतले घड्याळ मधल्या काळात चालतच होते. यावरून काटा आणि चाक वेगळे असा निष्कर्ष बरीच वर्षे काढला जाई. नंतर २०१५ मध्ये व्हँडरबिल्ट विद्यापीठात मॅकमॅहन यांच्या गटाने उंदराच्या याच पेशींत प्रकाशाने उघडणाऱ्या वाहिन्या बसवून त्यांना रात्री मुद्दाम दिवसासारखे फायर करायला लावले, तेव्हा जनुकांचे चक्र आणि उंदराचे धावणे दोन्ही सरकले. म्हणजे काटा बोटाने फिरवला तर चाकही फिरते. सकाळचा दिवा करतो ते हेच, फक्त त्याचे बोट डोळ्यांतून आत जाते.

डोळ्यांच्या पडद्यावर दृष्टीच्या नेहमीच्या पेशींशिवाय अगदी थोड्या अशा चेतापेशी असतात की त्यांच्यात मेलॅनॉप्सिन नावाचे स्वतःचे प्रकाशग्राही द्रव्य असते. त्या स्वतःच प्रकाशाने फायर होतात, हे २००२ मध्ये बर्सन यांनी दाखवले. त्यांना सुमारे ४८० नॅनोमीटरचा, म्हणजे आकाशाच्या निळाईजवळचा प्रकाश सर्वांत जास्त भावतो आणि त्यांचे तंतू थेट एससीएनपर्यंत जातात. दृष्टीच्या पेशी कमी उजेडाशी जुळवून घेतात, म्हणून १५० लक्सचे स्वयंपाकघर आपल्याला ‘छान उजेडाचे’ वाटते; घड्याळाच्या हिशेबात मात्र ते फिकेच असते. लक्स हे एकक माणसाच्या दिसण्याशी बांधलेले आहे, घड्याळाला पोहोचणाऱ्या प्रकाशाशी नाही, म्हणून २०१८ मध्ये आंतरराष्ट्रीय प्रकाश आयोगाने त्यासाठी वेगळे मोजमाप ठरवले. त्या मापाने दिवसा डोळ्यांशी निदान २५०, झोपण्याआधीचे तीन तास १० पेक्षा जास्त नाही आणि झोपेत १ पेक्षा जास्त नाही, अशी शिफारस या विषयातल्या शास्त्रज्ञांच्या गटाने २०२२ मध्ये प्रसिद्ध केली. माझ्या दिव्याच्या खोक्यावर किंवा पुस्तिकेत या मापाचा उल्लेखही नव्हता. एवढे पैसे घेणाऱ्या वस्तूवर तो असायला हवा.

दिव्याची दुसरी उणीव मीटरने उघडी पाडली. जावयाने छायाचित्रणाच्या हौसेपोटी घेतलेले लक्समीटर घरात होते. दिव्यापासून एक वीत अंतरावर ते धरले तेव्हा आकडा खरोखरच दहा हजारांना टेकला; हातभर मागे सरकल्यावर तो जेमतेम दोन हजारांवर आला, आणि टेबलाच्या पलीकडच्या खुर्चीवर, जिथे माणूस चहा पीत वर्तमानपत्र वाचेल, तिथे हजारसुद्धा भरेना. किती अंतरावर दहा हजार, हे पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर बारीक टाइपात दिले होते. वीतभर अंतरावर तोंड नेऊन अर्धा तास बसणे ही सोपी गोष्ट नाही. शेवटी मी दिवा चार जाड पुस्तकांवर ठेवून डोळ्यांच्या किंचित वर, थोडा तिरका केला आणि त्याच्याकडे न पाहता समोरच्या ताटातले तांदूळ निवडत बसू लागले. उजेड डोळ्यांत शिरायला हवा, पण दिव्याकडे टक लावून पाहायचे नसते, एवढे एक वाक्य पुस्तिकेने मोठ्या अक्षरांत छापले असते तर बरे झाले असते.

माझी सर्वांत मोठी तक्रार मात्र वेळेची आहे. पुस्तिकेत फक्त ‘उठल्यावर ३० मिनिटे’ असे लिहिलेले होते. मी नुकतीच पुण्याहून आलेली, हिवाळ्यात तिथली वेळ आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. रात्री बारा वाजले की टक्क जाग यायची, कारण पुण्यात तेव्हा माझी उठायची वेळ, पहाटेचे साडेपाच, झालेली असे. अंथरुणात तळमळून झाल्यावर तीनच्या सुमारास मी उठून दिवा लावत असे. चार दिवस असे केले आणि जाग काही बारा-साडेबाराच्या पुढे सरकेना. पाचव्या दिवशी मुलगी पाणी प्यायला खाली आली आणि दारातच थांबून म्हणाली, “आई, तुझ्या पुण्याच्या घड्याळाला तू रोज चावी देते आहेस.” तिचे बरोबर होते, आणि हे मी तीस वर्षे फळ्यावर काढून दाखवले होते. शरीराचे तापमान झोपेत सर्वांत खाली जाते तो क्षण नेहमीच्या उठण्याच्या वेळेच्या साधारण दोन तास आधीचा असतो. त्याच्या आधी मिळालेला प्रकाश घड्याळ मागे, म्हणजे उशिराकडे, ढकलतो आणि त्याच्या नंतर मिळालेला पुढे, म्हणजे लवकरकडे, ओढतो. माझा तो क्षण अजून तिथल्या रात्री दहाच्या आसपास अडकलेला होता, त्यामुळे तीनचा दिवा मला हवे त्याच्या उलट दिशेला खेचत होता. त्या दिवसापासून दिवा संध्याकाळी सात ते साडेआठ लावला, रात्री जाग आली तरी खोलीत अंधारच ठेवला आणि आठवड्याभरात जाग पहाटे साडेचारपर्यंत गेली.

ही चूक करायला शरीरक्रियाशास्त्र माहीत नसण्याची गरज नाही हे माझ्यावरून दिसलेच. मग ज्याने हा विषय कधी शिकलेला नाही, जो भारतातून किंवा अमेरिकेतून तिथे येऊन पोहोचतो आणि पुस्तिकेवर विश्वास ठेवतो, त्याने काय करावे? दिव्याचा गुण त्याच्या उजेडाइतकाच तो कोणत्या प्रहरी लावला यावर अवलंबून आहे. दुपारी बाराला तोच दिवा लावला तर तरतरी वाटेल, पण घड्याळ फारसे हलणार नाही. त्या वेळी या पेशी दिवसाच्या पायडलावर असतात, आधीच फायर होत असतात. रात्री त्या शांत असताना डोळ्यांकडून आलेला इशारा त्यांना जागे करतो, पेशीत कॅल्शियम शिरते, घड्याळाची जनुके चाळवतात आणि काटा सरकतो. हे सगळे पुस्तिकेत छापा असे मी म्हणत नाही. प्रवासाहून आलेल्यांसाठी आणि रात्रपाळी करणाऱ्यांसाठी अर्धे पान पुरेसे झाले असते.

डिसेंबरच्या मध्यापर्यंत उलटाच त्रास सुरू झाला. मी दिवसभर घरात, सकाळ काळोखी, रात्री घरभर दिवे. झोप साडेदहावरून सरकत सरकत बारावर गेली आणि सकाळी आठलाही उठवेना. यात नवल नाही, कारण माणसाचे आतले घड्याळ सरासरीने २४ तासांपेक्षा थोडे सैल, सुमारे २४.२ तासांचे असते आणि त्याला रोज सकाळी कोणीतरी आवळावे लागते. पुण्यात ते काम अंगणातला उजेड न बोलता करत असतो. मग मी रोज सकाळी साडेसात ते आठ दिवा लावायचा नेम केला. दहा दिवसांत झोप अकरावर आणि जाग पावणेसातवर आली. दुपारी चारला सोफ्यावर जी डुलकी यायची ती पुष्कळच कमी झाली. जानेवारीत दिव्याचे बटण बिघडले आणि कंपनीने बदली दिवा पाठवेपर्यंत दहा दिवस गेले. त्या दिवसांत झोप पुन्हा साडेअकरा, पावणेबारा अशी घसरू लागली आणि नवा दिवा आल्यावर परतली. एका बाईच्या एका हिवाळ्याच्या नोंदीवरून सिद्धान्त मांडता येत नाही. पण जे घडायला हवे असे शास्त्र सांगते ते माझ्या वहीत घडलेले दिसले, एवढे मी खात्रीने लिहिते. बटणाबद्दल मात्र मला राग आहे. रोज एकदा दाबायचे एकच बटण दोन महिन्यांत सैल पडावे, हे या किमतीच्या वस्तूला शोभत नाही.

मुलगी तिथल्या रुग्णालयात काम करते आणि महिन्यातून तीन रात्री तिला रात्रपाळी असते. त्यासाठी दिवा वापरू का, असे तिने विचारले तेव्हा मी नको म्हटले. तीन रात्रींसाठी घड्याळ उलटवायचे आणि चौथ्या दिवशी पुन्हा सरळ करायचे, यात पेशींची नुसती ओढाताण होते. महिनोन्‌महिने रात्रपाळी असेल तर गोष्ट वेगळी; तेव्हा पाळीच्या पहिल्या भागात उजेड आणि घरी परतताना काळा चश्मा, याला अर्थ आहे.

काही माणसांनी हा दिवा डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. ज्यांना बायपोलर विकार आहे त्यांच्यात तीव्र प्रकाशाने उन्मादाचा झटका येऊ शकतो. ज्यांच्या डोळ्यांच्या पडद्याला आजार आहे, किंवा ज्यांच्या औषधांनी उजेड जास्त बाधतो, त्यांनीही थांबावे. वयाचा मुद्दा मला आणखी जोडायचा आहे: वाढत्या वयात डोळ्यांतले भिंग पिवळट होते आणि नेमका निळसर प्रकाशच त्यात अडतो, म्हणून साठीपुढच्या माणसाला तोच दिवा तिशीतल्या माणसापेक्षा कमी लागू पडतो. दिवा घेताना अतिनील किरण अडवणारे आवरण आहे ना आणि उजेड लुकलुकत नाही ना, एवढे पाहावे. माझ्या दिव्यात या दोन्ही बाबी ठीक होत्या, आणि त्याचे आवरण पुसायला सोपे, वजनही हलके होते.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात पुण्याला परतले तेव्हा लक्समीटर मागून आणले होते. घरात ट्यूबच्या उजेडात ओट्यापाशी १४० लक्स भरले. सकाळी साडेसातच्या पुढे गच्चीवर, तुळशीजवळ, पूर्वेकडे तोंड करून मीटर धरले आणि पावणेआठपर्यंत आकडा दहा हजार ओलांडून गेला. तिथे, डिसेंबरातल्या एका पार ढगाळ दुपारी, मुलीच्या घरामागच्या बागेतही तो तीन हजारांच्या आसपास होता, म्हणजे तिच्या स्वयंपाकघराच्या कितीतरी पट. म्हणून महाराष्ट्रात किंवा गोव्यात राहणाऱ्या, सकाळी बाहेर पडू शकणाऱ्या कोणालाही मी हा दिवा घ्या असे सांगणार नाही. सकाळची अर्ध्या तासाची फेरी त्याचे काम जास्त चांगले करते, आणि वीतभर अंतरावर मान अवघडून बसावे लागत नाही. अंथरुणाला खिळलेले, तळघरात किंवा बिनखिडकीच्या खोलीत काम करणारे यांच्यासाठी मात्र इथेही विचार करावा. लंडन, एडिनबरा, स्टॉकहोम, टोरोंटो अशा गावी ऑक्टोबर ते मार्च राहणाऱ्या आपल्या माणसांना मी तो घ्यायला सांगेन. पाचपैकी साडेतीन तारे देते. अर्धा तारा बटणासाठी आणि एक पूर्ण तारा त्या पुस्तिकेसाठी कापला आहे.

मुलीकडे दिवा अजून आहे. पुस्तिकेच्या पहिल्या पानावर मी निळ्या शाईने मराठीत लिहून ठेवले आहे: प्रवासाहून आल्यावर लगेच सकाळी लावू नये, आधी आपल्या गावची वेळ पाहावी, एरवी सकाळी साडेसात, एक वीत अंतर, नजर ताटाकडे.